पाण्याला विटाळ कळत नाही!

रविवारची सकाळ होती. विहारातली वंदना आटोपून आम्ही कागलच्या आमच्या घरी परतलो, तेव्हा मोरीत आदल्या रात्रीची भांडी पडली होती. पाहुणे येऊन गेले होते आणि तांबड्या रश्श्याच्या पातेल्यावर तेलाचा जाड तवंग धरला होता. दहावीतली आमची मुलगी पातेले घासायला बसली. नुसते पाणी ओतले, तवंग हलला, पण गेला नाही. साबण लावला मात्र, तवंग फाटला आणि पाण्याबरोबर वाहून गेला. ती थांबली आणि म्हणाली, "पप्पा, साबण तेलाला असं करतो तरी काय?"

आजीने बसल्या जागेवरून उत्तर दिले, "अगं, मळ काढतंय ते, आणि काय!"

मुलीचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही. रोज हातात येणारी वस्तू, पण ती काय करते ते आम्हाला सांगता येईना. मग पुस्तके काढली, जाणकारांना विचारले. त्या एका प्रश्नाच्या मागे जाता जाता आम्ही जर्मनीतल्या एका स्वयंपाकघरात पोहोचलो, तिथून महाडच्या चवदार तळ्यावर गेलो आणि पुन्हा आपल्या मोरीत परत आलो. तो सारा प्रवास वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

एक डोके, एक शेपटी

प्रत्येक पदार्थ रेणूंचा बनलेला असतो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून राहतात. आतल्या रेणूला चहूबाजूंनी सोबती असतात, पण पृष्ठभागावरच्या रेणूला वरच्या बाजूला सोबती नसतो. म्हणून पृष्ठभाग आत ओढला जातो आणि ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. यालाच पृष्ठताण म्हणतात. अळवाच्या पानावर थेंब गोल बसतो तो यामुळेच, आणि हलक्या हाताने आडवी ठेवलेली सुई पाण्यावर तरंगते तीही यामुळेच. तेलाचे रेणू वेगळ्या प्रकृतीचे. पाण्याच्या रेणूंच्या या घट्ट मेळ्यात त्यांना शिरकाव मिळत नाही. म्हणून तेल वेगळे, पाणी वेगळे आणि मधे सीमा.

साबण या सीमेवरचा रहिवासी आहे. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून तो बनतो. त्याच्या रेणूला एक लांब शेपटी असते, ती तेलाच्या जातकुळीची. दुसऱ्या टोकाला डोके असते, त्यावर विजेचा भार असतो, त्याला पाणी आवडते. हा रेणू पूर्ण पाण्यात राहिला तर शेपटीची कुचंबणा, पूर्ण तेलात गेला तर डोक्याची. म्हणून तो दोघांच्या सीमेवर येऊन उभा राहतो. डोके पाण्यात, शेपटी तेलात. असे वागणाऱ्या सर्व पदार्थांना शास्त्रज्ञ पृष्ठसक्रिय पदार्थ किंवा सर्फॅक्टंट म्हणतात. आपल्या आज्या ज्याने केस धूत, त्या रिठ्यात आणि शिकेकाईत निसर्गानेच असे पदार्थ घातलेले आहेत.

हे रेणू सीमेवर कसे उभे राहतात? ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत आपण उभे असतो ना, खांद्याला खांदा लावून, सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला, तसे. सुरुवातीला रेणू थोडे असले की ऐसपैस पसरून राहतात. गर्दी वाढली की सरळ उभे राहतात आणि दाटी करतात. पूर्ण दाटी झाली म्हणजे एका चौरस मिलिमीटर जागेत सुमारे ५ लाख कोटी रेणू मावतात. आणि या थराची जाडी किती? एका मिलिमीटरचे ४ लाख भाग करा, त्यातला साधारण एक भाग. म्हणजे एका रेणूच्या उंचीएवढीच.

एवढासा हा थर सीमेवरचा ताण ढिला करतो. मग घासणीने घासले की तेलाच्या तवंगाचे बारीक बारीक थेंब होतात. प्रत्येक थेंबाभोवती साबणाच्या रेणूंचे कडे पडते. शेपट्या आत तेलात रुतलेल्या, डोकी बाहेर पाण्यात. सगळ्या डोक्यांवर सारखाच भार असल्याने थेंब एकमेकांना दूर ढकलतात, पुन्हा एकत्र येत नाहीत आणि पाण्याबरोबर निघून जातात. आजी म्हणाली ते बरोबरच होते. मळ निघतो, पण तो असा निघतो.

यातून घरच्या कामाच्या दोन गोष्टी कळतात. सीमा भरून गेल्यावर उरलेले साबणाचे रेणू पाण्यातच गोल गोळे करून राहतात. डोकी बाहेर, शेपट्या आत. या गोळ्यांना मायसेल म्हणतात, आणि त्यांच्या पोटातही थोडा तेलकटपणा सामावतो. पण पुरेसा साबण झाल्यावर आणखी मूठभर पावडर टाकली तर फेस वाढतो, त्या मानाने कपडे काही जास्त स्वच्छ होत नाहीत. जातात ते आपले पैसे. दुसरी गोष्ट बोअरच्या पाण्याची. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की ते साबणाच्या डोक्यांना धरून बसतात आणि चिकट साका तयार होतो. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन पाणी म्हटले आहे. धुण्याच्या पावडरीतल्या रेणूचे डोके निराळ्या घडणीचे असते, म्हणून ती अशा पाण्यातही चालते.

आपल्या भागात तर हे शास्त्र रोज कॅनमधून वाहते. पहाटे संस्थेत घातलेले दूध गोकुळ शिरगावला पोहोचते. ते दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे चरबीचे असंख्य थेंब, सरासरी मिलिमीटरच्या अडीचशे-तीनशेव्या भागाएवढे. प्रत्येक थेंबाभोवती असेच दोन स्वभावांच्या रेणूंचे पातळ आवरण असते, म्हणून चरबीचे थेंब एकमेकांत मिसळून लगेच गोळा होत नाहीत. रवीने घुसळले की आवरण फाटते, चरबी चरबीला भेटते आणि लोणी वर येते. घराघरातल्या आयाबाया पिढ्यान्‌पिढ्या हे करीत आल्या. त्याला विज्ञान म्हणतात, हे त्यांना कोणी सांगितले नाही.

भांडी घासणारी शास्त्रज्ञ

आता जर्मनीतल्या स्वयंपाकघराची गोष्ट. आग्नेस पॉकेल्स हे तिचे नाव. जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी व्हेनिस शहरात झाला. पुढे कुटुंब ब्राउनश्वाईग या जर्मन शहरात आले. मुलींच्या शाळेत तिला पदार्थविज्ञानाची गोडी लागली, पण त्या काळी तिथल्या विद्यापीठांचे दरवाजे स्त्रियांना बंद होते. धाकटा भाऊ फ्रीडरिश विद्यापीठात गेला आणि पुढे प्राध्यापक झाला. बहीण घरी राहिली. आजारी आईवडिलांची सेवा, स्वयंपाक आणि भांडी, हे तिच्या वाट्याला आले.

भांडी घासताना आग्नेसने पाण्याच्या पृष्ठभागाकडे नीट पाहिले. जरासा तेलकटपणा मिसळला की पृष्ठभागाची वागणूक बदलते, हे तिच्या लक्षात आले. १८८० च्या सुमारास, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षी, तिने घरातच प्रयोग सुरू केले. पत्र्याचे एक लांबट, उथळ भांडे घेतले. त्यात काठोकाठ पाणी भरले. वर पत्र्याची एक पट्टी आडवी ठेवली. पट्टी सरकवली की पृष्ठभागावरचा थर एका बाजूला लोटला जाई आणि दाटी वाढे. ताण मोजायला तिने तराजूला छोटी चकती टांगली. ती चकती पाण्यावरून उचलायला किती वजन लागते, यावरून ताण कळे. एवढीच तिची प्रयोगशाळा.

तिला दिसले की थराला ऐसपैस जागा असेपर्यंत पाण्याचा ताण जवळजवळ बदलत नाही. जागा एका ठराविक मर्यादेखाली गेली की मात्र ताण एकदम उतरू लागतो. याचा अर्थ, त्या क्षणी रेणू एकमेकांना भिडलेले असतात. रेणू डोळ्यांनी कोणी पाहिलेला नव्हता, त्या काळात ही बाई मोरीच्या भांड्यात त्यांच्या रांगेची दाटी मोजत होती!

सुमारे दहा वर्षे तिच्या कामाकडे कोणी पाहिले नाही. मग इंग्लंडमधले मोठे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले याच विषयावर काम करीत आहेत, असे तिला कळले. जानेवारी १८९१ मध्ये तिने त्यांना जर्मन भाषेत एक लांब पत्र लिहिले. रॅले यांनी ते बाजूला टाकले नाही आणि स्वतःच्या नावावरही खपवले नाही. पत्राचे भाषांतर करवून त्यांनी ते 'नेचर' या नियतकालिकाकडे शिफारशीसह पाठवले. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते तिच्याच नावाने छापून आले.

पुढे अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्युअर यांनी तशाच पद्धतीचे सुधारलेले उपकरण वापरून १९१७ मध्ये हे शास्त्र पुढे नेले. १९३२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ब्राउनश्वाईगच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाने आग्नेसला सन्माननीय डॉक्टरेट दिली. तेव्हा ती सत्तर वर्षांची होती. १९३५ मध्ये ती वारली. लँगम्युअर यांच्या सहकारी कॅथरीन ब्लॉजेट यांना १९२६ साली केंब्रिज विद्यापीठाची पदार्थविज्ञानातली डॉक्टरेट मिळाली, ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. दार उघडायला इतकी वर्षे लागली.

दार बंद असणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. आणि दार उघडणारा माणूस भेटला की काय घडते, हे कागलकरांना तर सांगायलाच नको. कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेले राजर्षी शाहू महाराज आणि तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकर २१ आणि २२ मार्च १९२० रोजी तेव्हाच्या कागल जहागिरीतल्या माणगावच्या परिषदेत एकत्र आले, तो इतिहास आपल्याच मातीतला आहे.

परातीतला प्रयोग

वाचून विश्वास ठेवण्यापेक्षा करून पाहावे, असे आम्ही ठरवले. तथागतांचा धम्म 'एहि पस्सिको' आहे. या आणि स्वतः पाहा!

प्रयोगाला खर्च नाही. एक परात घ्या. घासून ती भरपूर स्वच्छ पाण्याने खळखळून धुवा. साबणाचा अंशही राहता कामा नये. परातीत पाणी भरा, ते स्थिर होऊ द्या आणि वर चिमूटभर टाल्कम पावडर हलक्या हाताने भुरभुरा. पावडर सगळीकडे पसरून तरंगते. आता तेल लावलेल्या केसांवरून बोट फिरवा आणि पाण्याच्या मध्यभागी नुसते टेकवा. पावडर झटकन कडेला पळते! बोटाचे तेल एका निमिषात पाण्यावर पसरते आणि पावडरीला मागे लोटते. पुन्हा बोट लावले तर पावडर फारशी हलत नाही, कारण पृष्ठभाग आता भरलेला आहे. पुन्हा प्रयोग करायचा तर परात धुवून नवे पाणी घ्यावे लागते.

आमच्या अंगणात त्या दिवशी मुलीच्या मैत्रिणी खेळायला आल्या होत्या. एक मराठ्याची, एक लिंगायताची, एक मुसलमानाची आणि आमची मुलगी. चौघींनी पाळीपाळीने, दर वेळी पाणी बदलून, बोट लावले. चारही वेळा पावडर तशीच पळाली. मुलींना मोठी गंमत वाटली. आम्हाला मात्र हसता हसता गप्प व्हायला झाले.

कारण याच एका गोष्टीवर आपल्या वाडवडिलांचे आयुष्य करपले होते. आपल्या बोटाने पाणी बाटते, असे सांगितले गेले. कोल्हापूरच्या पागेत काम करणारे गंगाराम कांबळे हौदाला शिवले म्हणून त्यांना मार खावा लागला. शाहू महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथला चहा प्यायले, ही आठवण जिल्ह्यात आजही घरोघरी सांगितली जाते. १९१९ साली महाराजांनी आपल्या संस्थानातले सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा हुकूम काढला होता.

पाण्याचा पृष्ठभाग किती संवेदनशील असतो हे आपण पाहिले. एका रेणूच्या जाडीचा थर त्याला कळतो. डोळ्यांना न दिसणारे तेल कळते. साबणाचा अंश कळतो. पण जात? जात त्याला कळत नाही, कारण बोटावर जात नसतेच. बोटावर असते ते कातडीचे तेल, आणि ते सगळ्यांच्याच बोटावर असते. पाणी बदलते हे खरे, पण ते ब्राह्मणाच्या बोटानेही बदलते आणि महाराच्या बोटानेही तितकेच बदलते.

चवदार तळे आणि १०८ घागरी

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. महाडच्या नगरपालिकेने ते तळे १९२४ मध्येच सर्वांना खुले केले होते, पण ठराव कागदावरच राहिला होता. सत्याग्रहानंतर सनातन्यांनी तळे 'शुद्ध' केले. कसे? तळ्यातल्या पाण्याच्या १०८ घागरी भरून त्यांत शेण, गोमूत्र, दूध आणि दही मिसळले, मंत्र म्हटले आणि ते पुन्हा तळ्यात सोडले.

आता आग्नेसबाईंच्या तराजूने मोजा. दुधातली चरबी आणि प्रथिने पाण्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात, त्याचा ताण उतरवतात. शेणाचे तर विचारूच नका. म्हणजे ज्यांनी ओंजळभर पाणी घेतले त्यांच्यामुळे तळे बाटले म्हणायचे, आणि ज्यांनी १०८ घागरींतून खरोखर घाण सोडली त्यांच्यामुळे शुद्ध झाले म्हणायचे! बाबासाहेबांनी या प्रश्नावर दहा वर्षे कोर्टात झुंज दिली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने तळ्याच्या खटल्यात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

स्वच्छता वेगळी आणि विटाळ वेगळा, हे आपण मुलांना स्पष्ट सांगायला हवे. शौचाहून आल्यावर, जेवणापूर्वी साबणाने हात धुवायचे, कारण हाताच्या तेलकटपणात मळ आणि रोगजंतू चिकटून असतात. २०२० च्या कोरोनाच्या साथीत साबणावर एवढा भर दिला गेला, तो यासाठीच. त्या विषाणूभोवती चरबीचे आवरण असते, आणि साबणाचे रेणू आपल्या शेपट्या त्यात खुपसून ते फोडतात. हे शास्त्र झाले. पण जो समाज दुसऱ्यांचा मळ काढतो, कपडे धुतो, गटारे साफ करतो, त्यालाच अस्वच्छ ठरवायचे, याला शास्त्राचा आधार नाही. तो निव्वळ अन्याय आहे.

हा थर आणखी काय करतो

सीमेवरच्या या रेणूंवर आपल्या महाराष्ट्रातही काम झाले आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली. तिथल्या देव, कुलकर्णी, घारपुरे आणि विश्वास या शास्त्रज्ञांनी लांब शेपटीच्या अल्कोहोलांसारखे पदार्थ पाण्यावर किती वेगाने पसरतात याचा अभ्यास केला. १९६२ साली तो अमेरिकेच्या नामांकित नियतकालिकात छापून आला. याचा संबंध थेट दुष्काळाशी आहे. अशा पदार्थाचा एका रेणूचा दाट थर तलावावर पसरला की उन्हाने होणारी पाण्याची वाफ कमी होते. जोराचा वारा आला की थर फाटतो, ही त्याची अडचण.

याच रेणूंची गोष्ट आपल्या छातीतही घडते. फुप्फुसातल्या बारीक फुग्यांच्या आतल्या ओलाव्यावर शरीर स्वतःच असा थर तयार करते. तो नसेल तर श्वास सोडताना फुगे मिटतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसात तो पुरेसा झालेला नसतो, हे मेरी एलेन एव्हरी या डॉक्टर बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९५९ मध्ये दाखवले. आज असा पदार्थ औषध म्हणून बाळाच्या फुप्फुसात सोडतात. शिवाय वेळेआधी बाळंत होण्याची चिन्हे दिसली तर आईला इंजेक्शन देऊन बाळाची फुप्फुसे लवकर तयार करता येतात. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या तर घरी वाट पाहू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

आणि आपल्या दाराशी, कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत? कापडावर रंग नीट चढायचा तर आधी ते आतपर्यंत भिजावे लागते, आणि त्या कामाला कापडधंद्यात सर्फॅक्टंटच वापरतात. आपली किती मुले-मुली पहिली पाळी, दुसरी पाळी करीत अशा मशीनवर उभी राहतात. टाकीत काय ओतले जाते आणि ते कापडाला काय करते, हे त्यांनाही कळायला नको का?

लेकीच्या प्रश्नाला उत्तर द्या

पुण्याच्या त्या संशोधकांबद्दल आम्हाला आदरच आहे. पण त्यांच्या नावांची यादी वाचताना मनात आले, की उद्याच्या अशा यादीत कांबळे, कदम, माने, सोनवणे ही नावे यायची तर आज काय करावे लागेल? फार मोठे काही नाही. मुलीने मोरीत बसून विचारलेला प्रश्न "गप्प घास" म्हणून उडवून लावायचा नाही. दहावीनंतर "सायन्स आपल्याला झेपत नाही" असे तिच्या वतीने आपणच ठरवायचे नाही. अकरावीपासून भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिचा फॉर्म वेळेत भरायचा. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहे, तिथे रसायनशास्त्र पदव्युत्तर पदवीपर्यंत आणि पुढे संशोधनापर्यंत शिकता येते. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. आणि विहारात महिन्यातून एक रविवार मुलांच्या प्रयोगासाठी ठेवायचा. परात, पाणी आणि पावडर कोणाकडे नसते?

आग्नेसच्या हातात भांडे होते, पण विद्यापीठाचे दार बंद होते. आपल्या लेकींच्या हातातही भांडे आहे, आणि त्यांच्यासाठी दार बाबासाहेबांनी उघडून ठेवले आहे. आता त्यांना उंबरठ्यावर अडवायचे की आत पाठवायचे, हे आपण आईबापांनी ठरवायचे आहे.

पातेले केव्हाच लख्ख झाले होते. मुलगी मात्र परातीपाशीच बसून होती. म्हणाली, "पप्पा, केसांच्या तेलाऐवजी रिठ्याचं पाणी लावलं तर काय होईल?"

आम्ही म्हटले, "करून बघ की!"

जयभीम!